बेंजो परत केला काय?

घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर एक पिठाची गिरणी होती. इमारत तळमजला अधिक एक. आमची शाळा तिसऱ्या मजल्यावर.

भुवया वर नेऊ नका, महापालिकेच्या माणसानेही नेल्या होत्या. पहिल्या मजल्यावर जिना संपायचा. तिथे भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायचे आणि पायऱ्या आहेतच असं धरून बावीस पावलं वर टाकायची. सोळाव्या-सतराव्या पावलाला बहुतेकांना शंका येते, आणि शंका आली की माणूस थेट खाली बाजरीच्या पिंपात. आमची प्रवेश परीक्षा म्हणतात ती एवढीच. महापालिकेचा माणूस तीनदा चौकशीला आला आणि तिन्ही वेळा बाजरीत पडला. "वर काही नाही, साहेब," गिरणीवाला शिवदास त्याचे कपडे झटकत सांगायचा. तो बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याला कधी वर येताच आलं नाही.

शाळेचं नाव सायंकालीन इंद्रजाल विद्यालय. वेळ साडेपाच ते साडेसात, म्हणजे मुलांची दिवसाची शाळा बुडू नये. शिक्षक तीन. मार्तंड गुरुजी मुख्याध्यापक. पहिल्या वर्षाला गायब करणं शिकवायचं ते मी, धोंडू मास्तर. दुसऱ्या वर्षाला परत आणणं शिकवायचं ते सुगंधाबाईंनी.

लोकांना वाटतं गायब करणं अवघड असेल. ते काहीच नाही. वस्तू समोर हवी, पोटात थोडा राग हवा आणि मनात तीन शब्द म्हणायचे. ते शब्द मी इथे लिहीत नाही; कोणाच्या घरातून उद्या कोण गायब होईल सांगता येत नाही. हे शब्द मनात म्हणायचे असतात, म्हणून शाळेत आवाजाला बंदी होती. चपला खाली, बोलणं हळू, आणि गुरुजी स्वतः पंचा तोंडावर धरून खोकायचे.

अवघड असतं ते परत आणणं. त्याचा नियम असा: ज्याने वस्तू घालवली त्यानेच, ज्याची वस्तू त्याच्या समोर उभं राहून, ती का घालवली हे मोठ्याने सांगायचं. कारण खरं असेल तर वस्तू येते. अर्धं खरं असेल तर अर्धीच येते. एका मुलाने भावाची चप्पल घालवली आणि परतीच्या तासाला म्हणाला, "चुकून गेली." फक्त अंगठा आला. सुगंधाबाई म्हणायच्या, "वस्तूला वकील चालत नाही, बाळा. नीट बोल." मग तो नीट बोलला, भावाला आईने नवी घेतली आणि मला नाही म्हणून, तेव्हा उरलेली चप्पल आली.

त्यात आमची निम्मी मुलं पहिल्या वर्षानंतर यायचीच बंद व्हायची. त्यामुळे बहात्तर सालापासून किती खडू, डबे आणि छत्र्या तिकडेच पडून होत्या. तिकडे म्हणजे कुठे, ते कोणालाच माहीत नाही. एवढं नक्की की वस्तू जशी जाते तशीच राहते. गरम गेलेली गरम, ओली गेलेली ओली.

शकु आली त्र्याऐंशीच्या जूनमध्ये. वय सोळा. तिची आई मीराबाई एका प्रसूतिगृहात आया होती. मूळची बुलढाण्याकडची, पण बोलणं आता पुरतं घाटकोपरचं. बावीस पावलं चढून ती आली आणि दम न घेता म्हणाली, "मास्तर, ही कोणाचं ऐकत नाही. दिवसाच्या शाळेतून दोनदा काढली. इथे तरी ऐकायला शिकेल."

"ऐकते मी," शकु म्हणाली. "आता पण ऐकतेय. खाली गिरणीचा पट्टा ढिला झालाय. उद्या तुटतो बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा तुटला.

तिच्या खांद्याला जुन्या लुगड्याची शिवलेली लांबट पिशवी होती. तिच्यात बेंजो. तारांवर टाइपरायटरची बटणं बसवलेली असतात आणि मिरवणुकीत हातगाडीवर ठेवून वाजवतात, तो आपला मुंबईचा बेंजो. तिचे वडील कुंडलिक वस्तीच्या बेंजो पार्टीत वाजवायचे. बटणं त्यांनी भंगारातून एकेक जमवून लावली होती, त्यामुळे कुठलं काळं, कुठलं हिरवट, एकावर इंग्रजी अक्षर तर एकावर मराठी. ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "ही पिशवी घरी ठेवायची. इथे आवाज चालत नाही."

"का?"

"शांत बसल्याशिवाय विद्या येत नाही."

"शांत बसून झोप येते, सर."

मुलं हसली. हसायलाही बंदी होती.

ती पिशवी तिने एक दिवसही घरी ठेवली नाही. मी बाहेर काढलं की ती जिन्यात, म्हणजे जिथे जिना नव्हता तिथे, बसून वाजवायची. बाक बडवायची. मी फळ्याकडे वळलो की माझ्या पावलांचा ठेका धरायची, मी थांबलो की थांबायची, आणि माझं डावं पाऊल जरा उशिरा पडतं हे सगळ्या वर्गाला तिच्यामुळे कळलं. मी छडी घालवून दाखवली तर म्हणाली, "झकास. आता परत आणा." मी म्हटलं, ते दुसऱ्या वर्षाला. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला येत नाही."

ते खरं होतं. पण तेव्हा ते मला आणि सुगंधाबाईंनाच माहीत होतं.

आता माझं सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. माझे वडील कुडाळकडच्या एका दशावतारी मंडळात मृदंग वाजवायचे. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणकेचा ओला गोळा थापतात, त्याने आवाज भरदार होतो. ती कणीक मळण्याचं काम लहानपणापासून माझं. पुढे हातही बसला, निदान मला तसं वाटायचं. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा मंडळात वाजवायला बसलो आणि ऐन युद्धाच्या प्रवेशात माझी मात्रा सुटली. राक्षस मरायच्या आधी मी थांबलो. लोक हसले. वडील सगळ्या मंडळासमोर म्हणाले, "झिला, तुझो हात सुताराचो. ह्या सोड." आणि दुसऱ्याच्या पोराला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांनी मृदंगाला नुकतीच कणीक लावून ठेवली होती, तेव्हा मी तो घालवला. तीन शब्द मला मामाच्या आजोबांनी शिकवले होते, गंमत म्हणून. वडील आठ दिवस शोधत होते, विहिरीतसुद्धा गळ टाकला. मग मी मुंबईला आलो, कापडगिरणीत लागलो. सहा वर्षांनी त्यांचं एक कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: मृदंग गावलो काय? मी उलट लिहिलं, नाही. पुढच्या वर्षी ते गेले. ज्याची वस्तू त्याच्या समोर बोलायचं असतं. समोर आता कोणी नव्हतं.

तर ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी खाली गिरणी बंद होती, वर मधली सुट्टी होती. शकु खिडकीत बसून बेंजो वाजवायला लागली. कुठलं गाणं नव्हतं ते, तिचं स्वतःचं काहीतरी जुळवणं चाललेलं. उजव्या हातातला प्लॅस्टिकचा तुकडा तारांवर झरझर फिरत होता, डावा हात बटणांवर. मी ओरडायला उठलो तर डोक्यावर खडू पडला. मग दुसरा. मग अकरा वर्षांचे खडू गारांसारखे पडायला लागले. छत्र्या आल्या, त्यातल्या दोन उघडलेल्या. एक डबा आला, त्यात वांग्याची भाजी, वाफ निघणारी. आणि मार्तंड गुरुजींच्या टेबलावर त्यांची दातांची कवळी येऊन बसली. ती एकोणऐंशीत मीच घालवली होती, एका बैठकीत त्यांनी मला फार बोलू दिलं नाही म्हणून. गुरुजींनी कवळी धुतली, बसवली आणि चार वर्षांत पहिल्यांदा स्पष्ट उच्चारात म्हणाले, "मुली, थांबू नकोस."

सुगंधाबाई दारात उभ्या होत्या. "कारण न सांगता," त्या म्हणाल्या. "नुसतं वाजवून. मास्तर, माझी नोकरी गेली." पण त्या इतक्या खुशीत होत्या की मला त्यांचाही राग आला.

तेवढ्यात मला ऐकू आली. फार लांबून, भिंतीच्या मागच्या भिंतीमागून आल्यासारखी, एक थाप. डाव्या तोंडाची. माझ्या पायाशी काहीतरी पचकन पडलं. पाहिलं तर कणकेचा अर्धा गोळा, ओला, त्यावर वडिलांच्या बोटांचे ठसे.

शकुने वाजवणं थांबवलं. "काय पडलं, सर?"

"काही नाही. खालच्या गिरणीचं पीठ उडून वर येतं." मी तो रुमालात गुंडाळला.

"पीठ ओलं कसं?"

मी घंटा वाजवली.

त्यानंतर सहा-सात महिने मी तिला सुखाने बसू दिलं नाही. बेंजो दिसला की बाहेर. बाक वाजला की अंगठे धरून उभी. ती उभी राहायची आणि अंगठ्यांवरसुद्धा ठेका धरायची.

मार्च आला. वस्तीत जयंतीची तयारी सुरू झाली. एक दिवस ती वर्गात आली तीच टेबलाशी. "सर, चौदा एप्रिलला पार्टीत मी वाजवणार. बाबांच्या जागी. पोरगी नको म्हणत होते सगळे, महिनाभर भांडले. शेवटी हो म्हणाले."

"मग?"

"मग सांगितलं. मुलुंडपर्यंत मिरवणूक आहे. तुम्ही पण या." मग जरा हळू, जवळ येऊन, "आणि सर, त्या माझ्या चालीचा शेवट मला सापडलाय. तिकडे अजून एक वस्तू आहे. जड आहे. दर वेळी शेवटाला अडते. ढोलकीसारखं काहीतरी. उद्या सगळ्यांसमोर खेचते बघा."

ती किती आनंदाने सांगत होती. तिला वाटत होतं मला बरं वाटेल.

त्या संध्याकाळी मी काय काय विचार केला ते विचारू नका. मृदंग येणार, सगळ्या वर्गासमोर, त्यावर मंडळाचं नाव रंगवलेलं. सुगंधाबाई विचारणार, कोणाचा? गुरुजी विचारणार, का घालवला? आणि बापाला मरेपर्यंत शोधायला लावणारा माणूस मुलांना विद्या शिकवतो, हे सोळा वर्षांच्या पोरीच्या देखत उघडं पडणार. दुसरं असं की जे मला तेहतीस वर्षांत जमलं नाही ते ती खिडकीत पाय हलवत करणार होती. हे दोन्ही खरं. दोन्ही तेव्हा मी स्वतःशीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून बेंजो काढून बाकावर ठेवला, तारा लावल्या, आणि मी तीन शब्द म्हटले.

वर्गात बारा मुलं होती. इतकी शांतता त्या शाळेत त्याआधी मी कधी मिळवली नव्हती.

शकुचा हात बटणं होती तिथे तसाच राहिला. "सर, परत द्या."

"शिस्त म्हणजे काय ते कळू दे आधी."

"सर, तो बाबांचा आहे."

सुगंधाबाई शेजारच्या वर्गातून आल्या. त्यांनी मला विचारलं नाही, ओरडल्या नाहीत. मला आणि शकुला समोरासमोर उभं केलं, जसं त्या परतीच्या तासाला मुलांना करायच्या. "बोला, मास्तर. का घालवला?"

मी म्हटलं, "शिस्तीसाठी."

टक् असा आवाज झाला. जमिनीवर एक बटण पडलं, हिरवट, मराठी अक्षराचं, आणि घरंगळत बाकाखाली गेलं. शकुने वाकून उचललं. "नववं," ती म्हणाली. "बाकीचं?"

"एवढंच कारण आहे," मी म्हटलं.

बारा मुलांना नियम पाठ होता. एका बेंजोपैकी एक बटण म्हणजे मास्तर किती खरं बोलला, याचा हिशेब त्यांना फळ्यावर मांडावा लागला नाही.

त्यानंतर ती रोज साडेपाचला यायची. बाकावर नाही, माझ्या टेबलासमोर उभी राहायची, दोन तास. आवाज नाही, ठेका नाही. मला हवी होती तशी. फक्त जाताना विचारायची, "सर, आज सांगता?"

"काय सांगू?"

"मला काय माहीत. तुम्हाला माहीत."

मी हजेरीपटात बघायचो. एकदा म्हणाली, "तुमची माझ्यावर खुन्नस असेल तर तसं सांगा. मला चालेल. मला नुसता बेंजो पाहिजे." त्या दिवशी मी बोललो असतो. तोंडही उघडलं होतं. पण गुरुजी खोकत आत आले आणि मी तेवढं निमित्त पकडलं.

तेरा तारखेला सुगंधाबाई मला जिन्याशी गाठून म्हणाल्या, "तुमच्या पोटात काय आहे ते मला ऐकायचं नाही. तिला सांगा. उद्यानंतर बेंजो आला तरी तो नुसता डबा असेल."

चौदाला मी गेलो. कोणाला सांगायला नाही, बघायला. दुपारी चार वाजता मिरवणूक मोठ्या रस्त्याला लागली होती. निळे झेंडे, माणसं, पोरंबाळं, लहान मुलींच्या केसांत निळ्या फिती. हातगाडीवर पार्टी. बेंजोवर कांदिवलीहून ऐनवेळी आणलेला एक पोरगा बसला होता. बरा वाजवत होता, जरा घाईत. आणि गाडीच्या बाजूने शकु चालत होती, नवा पांढरा ड्रेस घालून, खांद्याला ती लुगड्याची पिशवी. रिकामी. पिशवी वाऱ्याने फुगत होती आणि ती हाताने दाबत होती.

तिने मला पाहिलं. मधे दहा हातांचं अंतर होतं. मी दोन पावलं पुढे झालो. कर्ण्याचा आवाज एवढा होता की मी स्वतःला म्हटलं, आता बोलून तिला ऐकू येणार नाही. आणि तिथेच उभा राहिलो. ती चालत पुढे गेली.

ऐकू आलं असतं. तिला गिरणीचा ढिला पट्टा ऐकू यायचा.

ती परत शाळेत आली नाही. शहाऐंशीत शिवदासने गिरणीवर खरेखुरे दोन मजले चढवले. तिसऱ्यावर इंग्रजीची शिकवणी आली आणि आम्हाला जागाच उरली नाही. मार्तंड गुरुजी गावी गेले. सुगंधाबाई बोरिवलीला मुलीकडे. मी घाटकोपरलाच राहिलो. मुलांच्या वाढदिवसाला टोपीतून रुमाल काढायचो. ती हातचलाखी होती, तिच्यात काही जात नाही आणि काही यावं लागत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात एक कार्ड आलं. अक्षर सुगंधाबाईंचं, जरा हललेलं. वर शकुचा पत्ता, साकीनाक्याचा एक गाळा. खाली एकच ओळ: बेंजो परत केला काय?

अशा एका कार्डाला मी एकदा उत्तर लिहिलेलं होतं. या वेळी कार्ड खिशात घातलं आणि निघालो.

साकीनाक्याला त्या गल्लीत सगळीकडे पत्रा कापण्याचे आवाज. गाळा टाइपरायटर दुरुस्तीचा. आत सात-आठ यंत्रं उघडी पडलेली आणि शकु एकावर वाकून बटणं बसवत होती. एकवीस वर्षांची. चष्मा लागला होता. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, पण उठली नाही.

"सर."

"शकु."

"जेवणाची सुट्टी वीस मिनिटं असते. त्यातली चार गेली."

मी उभाच राहिलो. वय झालेल्या माणसाला परतीच्या तासाला उभं राहणं फार लांबलचक वाटतं. म्हटलं, "तुझा बेंजो मी शिस्तीसाठी घालवला नव्हता. मला तुझा हेवा वाटला. मला जे येत नव्हतं ते तुला येत होतं."

टेबलावर धप्प झालं. बेंजोची लाकडी पेटी. तारा नाहीत, बटणं नाहीत. बाकीच्या कारागिरांनी वळून पाहिलं. एक जण म्हणाला, "कुठून पडला रे?" आणि वर पत्र्याकडे बघत राहिला.

शकुने पेटीला हात लावला नाही. "अजून," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. कुडाळ, मृदंग, सुटलेली मात्रा, सुताराचा हात. विहिरीत टाकलेला गळ. कार्ड आणि माझं एका शब्दाचं उत्तर. "तू तो खेचून आणशील आणि सगळ्यांना कळेल, याची मला भीती वाटली. म्हणून घालवला. आणि जयंतीच्या दिवशी मी बोलू शकलो असतो."

तारा आल्या, ताणलेल्या. बटणं आपापल्या जागी बसली. प्लॅस्टिकचा तुकडासुद्धा आला. फक्त नवव्या जागी खाच होती.

"तुझ्याकडे होतं ते बटण," मी म्हटलं.

"फोर्टातल्या एका वकिलाच्या मशीनला लावलं. चांगलं बटण होतं." तिने खण उघडला, दोन-तीन उलटीपालटी केली, एक काळं बटण खाचेत बसवलं. तीस सेकंद लागले असतील. मग तारा छेडून पाहिल्या. साडेचार वर्षांत एकही उतरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं आणि तिने ते लगेच आवरलं.

"तुमच्या वडिलांना सांगितलं नाही ना कधी?"

"नाही."

"मग मला का सांगितलं?"

"तू आहेस म्हणून."

"हं." तिने घड्याळ पाहिलं. "पार्टीत अजून तो कांदिवलीचाच आहे. मंडळाने त्याला कायम केला. ताल पळवतो. आई रागावते मिरवणुकीत." मग बेंजो पुढे ओढला. "आठ मिनिटं आहेत. बघू या तुमचा ढोल."

ती वाजवायला लागली. बोटं आधी अडखळली, मग चालायला लागली. तीच चाल. गल्लीतले पत्र्याचे आवाज एकेक करून बंद पडले. टेबलावरचे सुटे स्क्रू थरथरायला लागले. मला लांबून ती थाप ऐकू आली, मग तिच्यामागे दुसरी, जवळची. माझ्या पायाशी पचकन कणकेचा उरलेला अर्धा गोळा पडला, ओला, बोटांच्या ठशांचा. मी हात पुढे करून उभा राहिलो, वरून काही जड आलं तर झेलायला. वास आला, मृदंगाच्या शाईचा आणि जुन्या चामड्याचा.

आणि ती थांबली. मागे जाऊन परत आली, परत थांबली. तिसऱ्यांदा डोळे मिटून गेली आणि त्याच जागी थांबली.

"पुढचं आठवत नाही, सर," ती म्हणाली.

"सावकाश."

"तसं नाही. शेवट फक्त एक दिवस माझ्याकडे होता. आदल्या दिवशी सापडला, दुसऱ्या दिवशी वाजवणार होते. पहिलं वर्षभर मनात वाजवत होते, मनातल्या मनात. मग मशीनं आली." तिने चष्मा पुसला. "मनात वाजवून राहत नाही. तुम्ही वर्गात उलटं शिकवायचात."

थाप विरून गेली. गल्लीत कोणीतरी पुन्हा पत्रा कापायला घेतला.

मालकाने आतून विचारलं, "शकु, झालं का जेवण?" तिने डबा उघडलाच नव्हता. "झालं," ती म्हणाली आणि बेंजो टेबलाखाली, डब्याशेजारी ठेवला. मग एक जुना कार्बन कागद माझ्याकडे सरकवला. "ते उचला. कोणाचा तरी पाय पडेल."

मी कणीक कार्बनमध्ये गुंडाळली. जाताना विचारलं, "आठवलं तर वाजवशील?"

"आठवलं तर वाजवीनच. तुमच्यासाठी नाही." आणि मी दारात पोचल्यावर, यंत्रावरून मान न उचलता, "पत्ता ठेवून जा पण."

मी घाटकोपरपर्यंत चालत आलो. घरी येऊन आधी सुगंधाबाईंना कार्ड लिहिलं: केला. उशिरा केला. मग पुडी उघडली. गोळा वरून वाळायला लागला होता आणि ठशांत कार्बनची निळी शाई उतरली होती. वाळू नये म्हणून मी थोडं पाणी लावलं. थोडं जास्तच लागलं. बोटांचे ठसे पुसले गेले आणि हातात नुसती कणीक राहिली, कोणाच्याही घरी असते तशी.